दोन-अडीच हजारांच्या पायपंपाने आपली शेती का भिजणार नाही

पायाने चालवायच्या पंपाबद्दलचा एक मजकूर गेले काही दिवस शेतकऱ्यांच्या गटांतून पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बांगलादेशातील लाखो अल्पभूधारकांनी वीज आणि डिझेलशिवाय, नुसत्या पायांच्या जोरावर जमीन बागायती केली, हा पंप दोन-अडीच हजारांत होतो, तो कोणत्याही विहिरीवर बसतो, त्याला चालवण्याचा खर्च शून्य, आणि मोटर कंपन्यांनी दबाव आणून तो भारतात येऊ दिला नाही. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे, आणि उरलेली चार त्याच्या आडोशाने खपून जातात.

खरे आहे ते आधी मान्य करू. 1980 च्या सुमारास उत्तर बांगलादेशातील रंगपूर-दिनाजपूर भागात काम करणाऱ्या एका ग्रामीण विकास संस्थेत गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने हा पंप घडवला. शेजारी-शेजारी पत्र्याची दोन नळकांडी, त्यांतल्या दट्ट्यांना जोडलेले बांबूचे दोन दांडे आणि ते एकमेकांशी बांधणारी कप्पीवरची दोरी; एक पाय खाली गेला की दुसरा आपोआप वर येतो. पॉल पोलॅक यांच्या आयडीई या संस्थेने तो गावोगावच्या कारागिरांकडून बनवून घेतला आणि दुकानदारांमार्फत विकला. बांगलादेशात असे दहा लाखांहून अधिक पंप विकले गेले. अंगमेहनत लागत असल्यामुळे सधन शेतकरी त्याच्या वाटेला जात नसे, त्यामुळे तो खरोखर गरिबाच्याच घरी पोचला. मजकुरात नसलेली पुढची गोष्ट अशी की 1980 च्या दशकाच्या अखेरीस आयातीवरील निर्बंध सैल झाले, चीनमधून छोटी डिझेल इंजिने स्वस्तात येऊ लागली, आणि ज्यांना परवडले त्यांनी पायपंप सोडून इंजिन घेतले किंवा शेजाऱ्याच्या इंजिनाचे पाणी विकत घ्यायला सुरुवात केली.

आता दुसरे विधान, किमतीचे. पंप स्वस्त आहे याबद्दल वाद नाही, पण पंप म्हणजे पाणी नव्हे. बांगलादेशात स्वस्त होती ती मुळात कूपनलिका. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात तिथे यंत्राशिवाय भोक पाडतात: एक माणूस बांबूच्या मांडवावर बसून पाइपाच्या तोंडावर तळवा दाबतो आणि काढतो, खालचे दोघे-तिघे तरफेने पाइप वर-खाली करतात, आणि प्रत्येक हिसक्यासरशी चिखलपाणी वरून उसळून बाहेर पडते. दगड नसल्यामुळे एका दिवसात कूपनलिका तयार होते. बिहारच्या कोसी खोऱ्यात तर लोखंडी पाइप परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्याच नळ्या वापरल्या.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणावर बसला आहे. इथे माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या हा मऊ खडक, मग काळा दगड. पाणी असते ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. त्यासाठी यारी (दगड-माती वर ओढणारे यंत्र) लावून, सुरुंग उडवून रुंद विहीर पाडावी लागते. रोजगार हमीतून विहिरीला मिळणारे अनुदान 2022 मध्ये 3 लाखांवरून 4 लाख रुपये करावे लागले, यावरून खर्चाचा अंदाज यावा. ज्या कामात लाखो रुपये दगड फोडण्यात जातात, तिथे पंपात काही हजार वाचल्याने गरीब शेतकऱ्याला पाणी परवडू लागत नाही.

‘कोणत्याही विहिरीवर बसतो’ हे तिसरे विधान सर्वांत घातक, कारण ते वाचून माणूस पैसे घालवेल. पायपंप पाणी ओढतो म्हणजे नळीतली हवा काढतो. पाणी वर ढकलते ते बाहेरचे हवेचे वजन. समुद्रसपाटीवर हे वजन पाण्याचा 10.3 मीटरचा स्तंभ पेलते, पण गळती, घर्षण आणि झडपांमुळे प्रत्यक्षात 7 मीटरच्या पलीकडे भरवसा धरता येत नाही. आपल्या पठारावर, 500-600 मीटर उंचीवर, त्यातून आणखी अर्धा-पाऊण मीटर वजा करावा. बांगलादेशात पायपंप चालला तिथे पाणी बहुधा 2 ते 6 मीटरवर होते. आपल्याकडे पाच-सहा परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची, सुमारे सहा फूट) खोल विहिरीचे पाणी माघातच चार परसांखाली गेलेले असते, म्हणजे 7 मीटरच्या पार. त्यावर कितीही पाय मारले तरी नळीत हवाच येईल. विहिरीच्या काठावर साधी मोटर बसवलेल्या कोणालाही हे माहीत आहे. पाणी खाली गेले की ‘फुटबॉल’ (नळीच्या तळाच्या झडपेचे, म्हणजे फूटव्हॉल्व्हचे गावाकडचे नाव) कितीही चांगला असो, मोटर हवा धरते आणि मग ती विहिरीत टप्पा करून खाली उतरवावी लागते. मोटर उतरवता येते. रोज चार-पाच तास पाय मारणारा माणूस वीस फूट खाली फळीवर उभा करायचा का? शिवाय खालून वर पाणी दाबणारा पंप वेगळ्या रचनेचा लागतो. केनियात किकस्टार्ट या संस्थेने तसे पंप विकले आहेत, पण ओढण्याची मर्यादा त्यांनाही हीच आहे.

‘खर्च शून्य’ हे चौथे विधान हिशेबात मांडून पाहू. धडधाकट माणूस तासन्‌तास टिकवू शकेल अशी ताकद सुमारे 75 वॅट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग. पंपात त्यातले 60 टक्के कामी आले असे उदारपणे धरले, तर 4 मीटरवरून तासाला सुमारे 4 हजार लिटर पाणी निघते आणि 10 मीटरवरून सोळाशेच. उन्हाळ्याच्या तोंडावर भाजीपाल्याला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला 500 लिटर आणि एकराला 20 हजार लिटर लागते. म्हणजे एका एकरासाठी पाणी 4 मीटरवर असताना रोज पाच तास आणि 10 मीटरवर असताना (ते ओढता आले असते तरी) बारा तास पाय मारायचे. ही मजुरी घरातल्या बाईमाणसाच्या अंगावर पडली की हिशेबात शून्य दिसते, एवढेच. आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित कळत होते. पठारावरच्या विहिरीला त्यांनी मोट लावली, बैलांच्या चालण्याची वाट, म्हणजे धाव, उतरती केली आणि मोटेचा नाडा ओढायला बैल जुंपले. माणसाच्या पायांनी फिरणारा रहाट राहिला तो पाणी वर असलेल्या कोकणात.

शिवाय महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून वीजबिल माफ आहे. इथल्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे विजेच्या दरापेक्षा रात्री-अपरात्री येणाऱ्या ‘लाईट’चे आहे, आणि त्यावर दिवसा चालणारा सौर पंप हा जवळचा उपाय आहे, मग त्याच्या अनुदानाबद्दल कोणाची मते काहीही असोत.

याचा अर्थ पायपंप टाकाऊ आहे असा नाही. बारमाही ओढा, वनराई बंधाऱ्याचा फुगवटा, कोकणातली परसबागेची विहीर किंवा भंडारा-गोंदियाकडे तलावाखालची, हाताला पाणी लागेल अशी विहीर असेल आणि भिजवायचे क्षेत्र पाच-दहा गुंठे असेल, तर तो उत्तम काम देईल. दहा गुंठ्यांना 4 मीटरवरून सव्वा तास पुरतो. घेण्याआधी मात्र दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजावे, आणि तेही श्रावणात नव्हे तर फाल्गुनात.

राहिले कंपन्यांच्या दबावाचे. पायपंप भारतात 1990 च्या दशकातच आला. आयडीईच्या भारतीय शाखेने तो ‘कृषक बंधू’ या नावाने पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, ओडिशा आणि आसामात विकला, म्हणजे नेमका जिथे गाळाची जमीन आहे आणि पाणी वर आहे तिथे. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशात पाऊल टाकताना याच संस्थेने पायपंपाऐवजी केबी ड्रिप हे स्वस्त ठिबक पुढे केले.