दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: ६९ इंची स्की का दिली

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देतोय, इथे सेंट्रल फ्लोरिडात दुकानात येणारी आपली मंडळी आता बरीच आहेत आणि तीही हे वाचतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आम्ही पडून असलेली ६९ इंच लांबीची, रुंद प्रकारातली स्लॅलम स्की (बोटीमागे दोन्ही पाय एकीवरच ठेवून चालवायची वॉटर स्की) तुमच्या गळ्यात मारली, तुमच्याच उंचीचा मित्र ६६ वर झकास चालवतो, तुमची स्की उजवीकडे वळतच नाही, फिन (स्कीच्या मागच्या टोकाखालचं पातं) चुकीची लावली, त्यावरची विंग (फिनला आडवी लागणारी छोटी पट्टी) गायब केली, आणि मागच्या बुटात पाय जात नाही. 

आधी साइझ. स्लॅलम स्कीच्या चार्टमध्ये बघायचं असतं वजन आणि बोटीचा स्पीड, उंचीवरून साइझ निघत नाही. तुमचं वजन तुम्हीच रिव्ह्यूमध्ये १९५ पाउंड लिहिलंय म्हणून इथे बोलतोय, आणि स्पीड आम्हाला सांगितला होतात ताशी २८ मैल. मित्र किती वजनाचा ते मला माहीत नाही पण तुम्हीच लिहिलंय की तो ३४ मैलांना कोर्समध्ये बॉय घेतो, म्हणजे पाण्यात ओळीने मांडलेल्या तरंगत्या गोळ्यांना वळसे घालतो. इथेच सगळा फरक आहे. पाणी स्कीला जे वर उचलतं ते साधारण स्पीडच्या वर्गाच्या हिशोबात, म्हणजे ३४ ला जेवढं उचलतं त्याच्या दोन तृतीयांशच २८ ला उचलणार, मग बाकीचं आणायचं कुठून, तर स्कीच्या लांबी-रुंदीतून. २८ ला १९५ पाउंडाचा माणूस ६६ वर उभा केला की स्की पाण्यात बसते, पाणी ढकलत चालते, पाण्यातून उठतानाच हात भरून येतात, आणि माणूस घाबरून मागच्या पायावर बसतो की झालं, टिप म्हणजे पुढचं टोक वर आणि वळायचं नाव नाही. स्पर्धेतल्या ओपन म्हणजे वरच्या गटातले पुरुष ३६ ला आणि बायका ३४ ला कोर्स मारतात, त्यांच्या स्कीचा आकार बघून आपली घ्यायची हा प्रकार दुकानात रोज बघतो.

पडून असलेला माल म्हणालात त्यावर एवढंच, त्या मॉडेलच्या ६७ आणि ६९ ची किंमत एकच आहे. उलट तुम्ही हातात घेऊन उभे होतात ती कार्बनची टूर्नामेंट स्की विकली असती तर गल्ल्यात जास्त आले असते, ती घेऊ नका म्हणून आमच्याच पोराने अर्धा तास घातला.

आता रिव्ह्यूमध्ये स्पीड ३२ लिहिलाय. असेलही. पण जुन्या बोटींचं मीटर पाण्याच्या दाबावर चालतं, खालच्या बारीक नळीत गवत-कचरा अडकला की काहीही आकडा दाखवतं. पुढच्या वेळी बोटीत बसलेल्या कुणाला तरी फोनचं जीपीएस लावून बघायला सांगा. खरंच ३२ निघाला आणि तुम्ही तिथेच राहणार असाल तर ६७ चा विचार करता येईल, मी नाही म्हणत नाही.

उजवीकडे न वळण्याचं कारण मात्र साइझ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. स्की देताना आम्ही फिनची लांबी, खोली आणि टेलपासूनचं (मागच्या टोकापासूनचं) अंतर स्लॉट कॅलिपरने, म्हणजे फिन मोजायच्या खास मापाने, मोजून कार्डावर लिहून देतो, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, कारण ०.०१० इंचाचा फरकही चांगल्या स्कीअरला पायाला कळतो. बुटाची तक्रार घेऊन तुम्ही स्की परत आणलीत तेव्हा दोन्ही बूट दोन भोकं मागे सरकवलेले होते आणि फिन कार्डापेक्षा खोल होती. कुणी केलं ते विचारत नाही, नेटवर आकडे सापडतात आणि हात शिवशिवतात हे मला माहितीये. पण बूट मागे गेले की टिप पाण्याला धरत नाही, आणि फिन खोल गेली की टेल पाण्यात रुतून बसते, घसरत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी स्कीला सरळ जायलाच सांगितलंत. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, ती आधी बिघडते, तुमची उजवी बिघडली. आणि मित्राकडून आकडे घेतले असतील तर लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजलीये की जबड्यांनी तेही विचारा, दोन्हीत वेगळा आकडा येतो, शिवाय त्याची स्की वेगळी, त्याचे आकडे तुमच्या फिनला लागूच नाहीत. बदल करायचाच तर एका वेळी एकच करायचा, दोन-तीन सेट (बोटीमागच्या फेऱ्या) मारायचे, मग पुढचा, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही.

विंग गायब नाही, स्क्रूसकट पिशवीत घालून दिलीये, बॅगेच्या आतल्या खिशात बघा. ती ब्रेकचं काम करते, ३४-३६ ला बॉयच्या आधी स्की हळू व्हायला. २८ ला तुम्हाला स्पीड कमी पडतोय, तिथे ब्रेक कशाला?

राहिला बूट. मागे बुटाऐवजी टो प्लेट (पायाचा फक्त पुढचा भाग सरकवायचा पट्टा) घ्या असं आम्ही सुचवलं होतं, कारण पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा सोडून बॅलन्स करता येतो, तुम्हाला दोन्ही बूटच हवे होते. ते घट्टच असतात हो. कोरडा पाय घालू नका, पायाला आणि बुटाला साबणाचं पाणी लावा, मग जातो. आणि ढिला द्या असं म्हणाल तर मी देणार नाही, पडल्यावर एक पाय निघाला आणि दुसरा अडकून राहिला की घोट्याची वाट लागते. टो प्लेट अजूनही हवी असेल तर बूट बदलून देतो, वापरलेला असला तरी चालेल, फक्त किमतीतला जो फरक असेल तो इकडे-तिकडे करू.

६७ ची डेमो स्की दुकानात आहे. बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी आठच्या आत या, दुपारी इथे ढग गडगडायला लागले की तळ्यावर कुणी थांबत नाही. तुमच्या ६९ ची फिन आणि बूट कार्डाप्रमाणे परत लावून ठेवतो, दोन सेट त्यावर, दोन ६७ वर, बोट तीच, रोप तोच, स्पीड जीपीएसवर. ६७ बरी वाटली तर बदलून न्या, डेमोचे पैसे नाहीत. मित्रालाही आणा, फक्त त्याचा स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून यायला सांगा 😄