पेचकस कानाला लावून

"विद्यार्थ्याला सोबत नाही आणलं का?" असं काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, तेव्हाच मी उठायला हवं होतं. सीताबर्डीतल्या गाडी-दुरुस्तीच्या क्लासचा तिसरा मजला, लिफ्ट बंद, बाहेर मे महिन्याचं नागपूर. विद्यार्थी मीच, असं सांगितल्यावर तिने फॉर्मवरचा 'पालकांची सही' हा रकाना बोटाने झाकला. हसू झाकायचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

"टापेट वाजून राहिलं" (टापेट म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचा भाग) एवढ्या एका वाक्यावर माझा मेकॅनिक दर खेपेला आठशे रुपये घेतो, म्हणून आपणच शिकावं असं ठरवलं होतं. आधी आयटीआयची चौकशी केली. तिथला 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा कोर्स दोन वर्षांचा. किमान वय 14. माझी 14 तीनदा पूर्ण होऊन वर दोन उरलीत, म्हणजे पात्रता चोख. पण रोज हजेरी! पाना धरायला शिकायचंय, दोन वर्षांची रजा द्या, असा अर्ज साहेबांपुढे कोण ठेवणार? म्हणून ही रविवारची बॅच. तीन महिने, 35 हजार, 'प्लेसमेंट हमखास'. (मला नेमकं कुठे प्लेस करणार होते, ते विचारायचं राहिलं.)

बाकावर एक काका नातवाला घेऊन बसले होते.

"तुम्ही शिकनार? कायले?"

"आपली गाडी आपणच दुरुस्त करावी म्हणून."

"मंग डाक्टरकी बी शिका. दुखनं बी आपलंच असते."

नातू मोबाईलमधून मान वर न काढता हसला.

सभ्य माणसं जिथे पेन खोचतात, त्या खिशातून काकांनी पेचकस काढला. "टोक इंजनवर टेकवाचं, मूठ कानाले लावाची. सारं आयकू येते." युक्ती खोटी नाही. जुने मेकॅनिक असंच ऐकतात, धातूतून आवाज थेट कानात उतरतो. पण त्यासाठी मला तीन मजले उतरवायची काय गरज होती? एक रसवंतीवाला, दोन कॉलेजची पोरं आणि एक वाहतूक हवालदार यांच्या देखत मी माझ्याच स्प्लेंडरपुढे उकिडवा बसलो, कानाला पेचकस लावून. हवालदाराने तर शिट्टी तोंडातून काढून बघितलं.

"काय म्हन्ते?"

"टापेट?" मी ठोकून दिलं.

"टापेट नाही. ते म्हन्ते, मालकानं सहा महिने झाले ऑइल नाही बदललं."

आठ झाले होते. मी गप्प बसलो. तेवढ्यात काकांनी पेचकसाने स्लो-स्पीडचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती वेगात फिरावं ते ठरवणारा, स्क्रूही 'जरासा' फिरवला. "आता पेट्रोल कमी पिईन."

परत तीन मजले चढून वर्ग पाहिला. मधोमध कापून ठेवलेलं इंजिन, फळ्यावर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा जुना भाग. बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे नियम, लागू झाले 1 एप्रिल 2020 ला. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं, बिघाड शोधायला स्कॅनर जोडून कोड वाचावा लागतो. स्कॅनर कुठे आहे, असं विचारलं.

"तो ॲडव्हान्समध्ये, सर. वेगळे 20 हजार."

इथे मला हसू आलं नाही. माझं सोडा, मी हौशी. पण ते पोरगं 35 हजार मोजून कार्ब्युरेटर शिकणार आणि पहिल्या नोकरीत त्याच्या हाती गाड्या धुवायचा पाइप येणार. हे मी काकांना सांगितलंही.

"पोट्टं आधी कान शिकन, मशीन मंग शिकन," असं म्हणत त्यांनी फी भरली. पावतीची घडी पेचकसाच्या खिशात गेली.

मी फॉर्म तसाच ठेवून निघालो. गाडी खरंच पेट्रोल कमी पिते आता. झाशी राणी चौकात एकदा बंद पडली, पंचशील चौकात दोनदा. माझी 2014 ची, म्हणजे कार्ब्युरेटरवालीच. मागच्या ऑटोवाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली.

उद्या मेकॅनिककडे जायचंय. तो झाकण उघडेल, आठशे सांगेल आणि विचारेल, "भाऊ, याले कोनं हात लावला?"