ब्रँड माझा, पावती मंडळाची

आमच्या कॉलेजात प्लेसमेंटच्या सरांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना हॉलमध्ये कोंबून सांगितलं, "मार्कांनी काही होत नाही. पर्सनल ब्रँड पाहिजे." हेच सर पहिल्या वर्षी मार्कांशिवाय काही होत नाही म्हणत होते, पण ते असो. कल्पनाही त्यांची नव्हे. टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९७ मध्ये 'फास्ट कंपनी' मासिकात लिहून ठेवलंय की प्रत्येक माणूस म्हणजे एक कंपनी आणि तो स्वतः तिचा सर्वोच्च अधिकारी. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, नाहीतर मी वेळीच हरकत घेतली असती.

घरी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "कंपनी तुझी, खरं रिचार्ज माझं, हे कसं रे?" (आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.) निपाणीचे मामा तंबाखूच्या धंद्यातले. ब्रँड म्हटलं की त्यांना लेबलच दिसतं. ते गंभीरपणे म्हणाले, "आधी माल वाळू दे. ओल्या मालावर लेबल चिकटवलं की आत बुरशी धरते." सरांच्या दोन तासांत एवढं कामाचं वाक्य एकही नव्हतं. पण मामांकडे पीपीटी नव्हती, त्यामुळे मी सरांचं ऐकलं.

ब्रँड दाखवायची जागा म्हणजे लिंक्डइन, नोकरी-धंद्याच्या ओळखींची वेबसाइट. तिथे फोटो लागतो, तोही ब्लेझरमधला. चुलतभावाच्या साखरपुड्याचा ब्लेझर घेऊन मी खडेबाजारात फोटोवाल्याकडे गेलो. त्याने आधी, "हसू नको, पासपोर्टला चालत नाही," म्हणून दम दिला. पासपोर्टसाठी नाही म्हटल्यावर लग्नासाठी असणार असं गृहीत धरून मान तिरकी करायला लावली. मग मागे काय टाकू विचारलं: ताजमहाल, धबधबा, का बर्फ? मी ऑफिस म्हटलं. त्याने खिडकीतून न्यूयॉर्क दिसणारं ऑफिस टाकलं. आज्जीने फोटो निरखून विचारलं, "कुठल्या ब्यांकेत हे?"

नावाखाली स्वतःबद्दल लिहायला २२० अक्षरांची जागा असते. 'बी.कॉम., वडगाव, बेळगाव' एवढं लिहिलं तरी जवळजवळ दोनशे उरतात, आणि ती रिकामी जागा रात्री डोळे मिटले तरी दिसते. माझ्या वर्गातला एकजण काकांच्या दुकानातला कुंदा स्कूटीवरून हॉस्टेलांना पोचवतो. त्याने स्वतःला 'फाउंडर, डेअरी बेस्ड डेझर्ट लॉजिस्टिक्स' करून घेतलंय. दुसरा रविवारी राजहंसगडावर भेळ खायला जातो, तो 'आउटडोअर लीडरशिप'मध्ये आहे. शेवटी मीही 'अ‍ॅस्पायरिंग फायनान्स प्रोफेशनल' झालो. शिवाय नोकरी हवी असल्याचं सांगणारी हिरवी कड फोटोभोवती लावली. मावशीला ती व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस वाटली. बिचारी दाबत बसली, काही उघडेना.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे, जी पुण्या-मुंबईच्या पोरांना नाही. तोंड कुठे करायचं, पुण्याकडे की बेंगळुरूकडे? बारावीला आम्ही पी.यू.सी. म्हणतो. पुण्याच्या एका एचआरबाईंनी विचारलं, "पीयूसी कशाला जोडलीय? गाडी आहे का तुमच्याकडे?" मराठीत पोस्ट टाकली की वर्गातले कन्नड मित्र न वाचता "मस्त ऐती ले" लिहून जातात. कन्नडमध्ये टाकावी तर माझं कन्नड बसस्टँडवर पुरतं, फायनान्सला पुरत नाही. इंग्रजीत टाकली की दोन्हीकडची मंडळी सारख्याच प्रेमाने लाइक करतात आणि सारख्याच प्रेमाने वाचत नाहीत.

खरं तर वडगावात माझा ब्रँड सातवीतच पक्का झाला होता. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते आणि चित्ररथावर जिवंत देखावे असतात. आमच्या ट्रॅक्टरवर मी मावळा होतो. पहाटे कधीतरी, ऐन लढाईत, ढाल डोक्याखाली घेऊन मला झोप लागली. शेजारी शत्रू तलवार उगारून उभा, आणि मी घोरतोय. लोकांनी सगळ्यात जास्त टाळ्या आमच्याच चित्ररथाला दिल्या म्हणतात. तेव्हापासून मी 'झोपलेला मावळा'. ना ब्लेझर, ना न्यूयॉर्क, तरी पार शहापुरापर्यंत ओळख.

पण ही ओळख पुसायची होती. म्हणून एका ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मी रिवाजाप्रमाणे पोस्ट टाकली, 'थ्रिल्ड टू अनाउन्स'. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. गल्लीत तेवढे कष्ट कोण घेतंय? खानापूरच्या मावशीच्या पोराने पहिली ओळ वाचून घरी सांगितलं की दादाला नोकरी लागली. मावशीने आईला फोन करायच्या आधी सगळ्या बहिणींना केला. संध्याकाळी दूध आणायला गेलो तर दूधवाला म्हणाला, "पेढे नको गा आम्हाला, कुंदाच चालतंय." भिशीच्या काकू नवं खातं काढायला घरी येऊन बसल्या. कोर्स आहे, नोकरी नाही, असं सांगितलं की लोक डोळा मारून म्हणायचे, "पगार सांगू नको, खरं नोकरी तर सांग!"

गणेशोत्सव जवळ आलेला. मंडळाचे खजिनदार पावतीपुस्तक घेऊन आले. आमची वर्गणी वर्षानुवर्षं २०१ रुपये. त्यांनी न विचारता माझ्या नावावर ५,००१ लिहिले आणि पावती टर्रकन फाडली.

"अहो काका, मला नोकरी नाही!"

"आमच्या पोराने लिंक्डइन दाखवलंय मला. मागं परदेश दिसतंय की."

"तो फोटोवाल्याने टाकलाय."

"असू दे. पावती फाडली की फाडली. खरं एक करतो, मंडळाच्या अहवालात तुझी पाव पान जाहिरात टाकतो. तेवढंच तुझं ब्रँड का काय ते होतंय."

पैसे आईने भिशीतून उचलून दिले. जाहिरातीसाठी मी खजिनदारांना माझी पूर्ण ओळख, शेवटच्या अक्षरापर्यंत, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती पाव पानात मावेना, म्हणून त्यांनी परस्पर छोटी केली. अहवाल छापून आला. न्यूयॉर्कसमोर मान तिरकी करून मी, आणि खाली 'शुभेच्छुक: झोपलेला मावळा, वडगाव', पुढे मोबाईल नंबर.

दुसऱ्याच दिवशी मार्केट यार्डातल्या एका आडत्यांचा फोन आला.

"अहवालात बघितलं तुमचं. जीएसटीचं, टॅलीचं काम येतंय काय?"

"येतं की."

"पगार बसून ठरवू. खरं मार्चमध्ये रात्री जागावं लागतंय." ते जरा थांबले. "तेवढं तुम्हाला जमतंय काय?"