‘शरदाची ऊब’ म्हणजे नेमकं काय घातलंय त्यात?

पानगळीच्या दिवसांत लग्न काढलंत, अभिनंदन! उन्हाचा चटका नाही, घामाच्या धारा नाहीत, फोटो आपोआप सोनेरी येतात. राहता राहिलं जेवण. पाहुण्यांत कुणी शाकाहारी, कुणी दूध-मधही न घेणारा व्हिगन, कुणाला गहू वर्ज्य, कुणाला दूध सोसत नाही, कुणी कांद्या-लसणाला शिवत नाही, कुणाचा शेंगदाण्याचा एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजतो. घाबरू नका. नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मी नुकतीच अशा एका लग्नाला जाऊन आले आहे. हे सगळं कसं निभावून न्यायचं, ते मला आता तोंडपाठ झालंय.

सुरुवात आमंत्रणापासून. सोबतच्या फॉर्ममध्ये ‘आहाराविषयी काही सूचना?’ असा रकाना हवाच. यजमान किती विचारी आहेत, ते त्यावरून कळतं. रकाना लहान ठेवा, ‘सिलिअ‍ॅक’ (गव्हा-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार) एवढं लिहिलं की जागा संपली पाहिजे. भरून आलेले फॉर्म नीट एका जागी जपून ठेवा. उघडू मात्र नका. उघडलेत तर वाचावे लागतील, वाचलेत तर केटररला सांगावं लागेल, तो स्वयंपाक्याला सांगेल, म्हणजे उगीच नको त्या माणसाला सगळं कळायचं. लेकीला हाच आजार, म्हणून मी रकाना भरला होता. शिवाय पंधरा दिवस आधी फोन केला, आदल्या दिवशी मेसेज टाकला. तिन्ही वेळा लग्नघरच्या वहिनींचं उत्तर एकच: ‘सांगितलंय गं, तू काळजीच करू नकोस.’ हे वाक्य घोटून ठेवा. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, काय सांगितलं, यातलं त्यात काहीच नाही. उद्या कुणी तुम्हाला पकडू म्हटलं तर धरायला शेंडीसुद्धा सापडणार नाही.

मेनू ठरवणं सोपं आहे. ऋतू शरदाचा, म्हणजे लाल भोपळा आला. सुपात भोपळा, सॅलडमध्ये भोपळा, टार्टमध्ये भोपळा, गोडात भोपळा, आणि टेबलावर शोभेला म्हणून एक अख्खा भोपळा. एकच फळभाजी चार ठिकाणी घातली की काटकसर दिसत नाही, थीम दिसते.

शाकाहारी म्हणजे मश्रूम. पुढे विचार करू नये.

सूप शाकाहारी आहे का, असं कुणी विचारलं तर बेधडक हो म्हणा. चिकनचा एकही तुकडा त्यात नाही. चिकन फक्त ज्या पाण्यात सूप केलं, त्या पाण्यात उकळलं होतं.

मधुमेह्यांसाठी फळं ठेवा. द्राक्षं चालतील, पिकलेली केळी तर उत्तमच.

हलाल किंवा ज्यूंच्या धर्मनियमांतलं कोशर मागणाऱ्याला ‘मग व्हेज घ्या ना’ म्हणावं आणि पुढच्या पाहुण्याकडे वळावं.

कांदा न खाणाऱ्याला सांगावं, कांदा मुद्दाम मोठा चिरलाय, बाजूला काढता येतो.

व्हिगन मंडळींचं जरा नाजूक असतं. हा शब्द इंग्लंडमध्ये 1944 साली निघाला. ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या केटररपर्यंत तो गेल्याच आठवड्यात पोचला असेल, तर त्याला समजून घ्या. व्हिगनांना सॅलड द्या. वरून मध सोडा, मधाला कुठे शिंगं असतात? गोडाला जेली ठेवा. ती जिलेटिनवर थरथरते आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांतून येतं, हे थरथरणाऱ्या जेलीकडे बघून कुणालाही कळत नाही. एखाद्या उत्साही आचाऱ्याला खरंच सोय करावीशी वाटली, तर तो सुपातली दुधाची साय काढून तिच्या जागी काजूची पेस्ट घालतो आणि कुणालाही सांगत नाही. व्हिगन पाहुणा खूश होतो. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेला पाहुणा शेजारीच बसून तेच सूप पितो. एकाची सोय दुसऱ्याच्या घशाशी येते ती अशी. सायीचं म्हणाल तर जगातल्या दोन तृतीयांश माणसांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही. तेव्हा अल्पसंख्य कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण सुपावर सायीचा भोवरा पाहिजेच. फोटोत काय दिसतो!

आता पाट्या. पदार्थांची नावं काव्यमय असावीत. ‘शरदाची ऊब’, ‘पानगळीची कुजबुज’, ‘सोनेरी सांज’. नाव वाचून पाहुण्याला कविता सुचली पाहिजे, आत काय आहे ते कळता कामा नये. पाट्या तपकिरी कागदावर सोनेरी शाईने लिहून घ्या, अक्षर असं की प्रत्येक वेलांटीची वेल झाली पाहिजे. या दिवसांत अंधार लवकर पडतो, जेवण लॉनवर, वर मिणमिणते पिवळे दिवे. तपकिरीवरचं सोनेरी कुणाच्या बापाला दिसणार नाही. मी मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाचत गेले. मागच्या गृहस्थांना वाटलं, माझं काहीतरी पडलंय. तेही बिचारे वाकून शोधायला लागले. ‘अंगठी का हो?’ म्हणाले. म्हटलं, नाही, गहू.

घटक लिहायच्या भानगडीत अजिबात पडू नका. युरोपात 2014 च्या डिसेंबरपासून अ‍ॅलर्जीचे 14 घटक सुट्ट्या, ताज्या शिजवलेल्या पदार्थांबद्दलसुद्धा सांगावे लागतात. अमेरिकेत 2023 पासून पाकिटांवरच्या यादीत तिळाचीही भर पडली. पण लग्न म्हणजे काय दुकान आहे? बिस्किटाच्या पुड्याला जे सांगावं लागतं, ते सांगायची पाळी आपल्यासारख्या घरंदाज माणसांवर येऊ नये.

डाव आणि चिमटे मोजकेच ठेवा. सगळ्या पदार्थांना मिळून एक चिमटा असला की पाहुण्यांत आपुलकी वाढते. ग्लुटेन-फ्री पाव आणायचा, अगदी आवर्जून आणायचा, आणि साध्या पावाच्या टोपलीतच, त्याच्या अंगावर रचून ठेवायचा. बटाट्याचे चिप्स तर कुणालाही चालतात. बटाट्यात कुठे ग्लुटेन असतं? ज्या कढईत आधी ब्रेडक्रम्ब लावलेले कटलेट तळून काढले, तिच्या तेलात असतं. आणि सोया सॉस म्हणजे नुसता सोयाबीनचा रस असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाटली फिरवून मागचं बारीक वाचावं. सोयाबीनशेजारी बहुतेक वेळा गहू बसलेला असतो.

बरं, आता सूप.

या सुपाचं मला सगळ्यांना सांगायचंच आहे, त्यासाठीच लिहायला बसले आहे, वरचं सगळं पाल्हाळ समजा. पाटीवर ‘शरदाची ऊब’. रंग सुंदर, वर सायीचा भोवरा, भोवऱ्यात भोपळ्याच्या चार बिया. लेक म्हणाली, ‘आई, भोपळाच आहे, मला चालेल ना?’ मी म्हटलं, आधी विचार. तिला विचारता येतं. सहाव्या वर्षापासून ती विचारतेय, ‘यात गहू, जव आहे का?’ हे तिच्या तोंडी ‘नमस्कार’सारखं बसलंय. वाढणाऱ्या मुलाने ‘नाही’ म्हटलं. तिने पुढचंही विचारलं: ‘घट्ट कशाने केलंय?’ तो म्हणाला, ‘भोपळ्याने.’ नऊ वर्षांच्या मुलीने आणखी काय विचारायचं? तिने वाटी घेतली. माझं समाधान होईना, म्हणून मी सुपरवायझरला गाठलं. तो ‘एक मिनिट हं मॅडम’ म्हणून आत गेला. त्याचं मिनिट कितीचं होतं कोण जाणे, पण हसत बाहेर आला आणि म्हणाला, ‘गहू अजिबात नाही मॅडम, आत विचारलं मी. थोडा मैदा आहे फक्त.’

थोडा मैदा आहे फक्त.

मी वळून बघितलं. तीन चमचे झाले होते. चौथा तोंडाशी होता.

मैदा कशाचा करतात हो? आकाशातून पडतो? तुम्ही शेकडो माणसांचं जेवण करता, रोज पोत्याने मैदा फोडता, तो कशाचा असतो हे त्या अख्ख्या स्वयंपाकघरात एकालाही माहीत नसावं? रवा कशाचा, शेवया कशाच्या, ब्रेडक्रम्ब कशाचे, तेही मग माहीत नसेल. आणि ‘ग्लुटेन-फ्री आहे’ म्हणताना मात्र छाती पुढे.

तेवढ्यात एक लांबच्या मावशी आल्या. अशा मावशी प्रत्येक लग्नात असतात, मेनू ठरवताना त्यांचंही एक ताट धरा. ‘अगं, एवढ्याशाने काय होतंय? एक दिवस चालतं. आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.’ होतं मावशी. तुमच्या वेळीही होतं, तुमच्या आईच्या वेळीही होतं. पोरं खंगत जायची, पोट फुगायचं, वाढ खुंटायची, आणि कशाने ते कळायचं नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गहू बंद केल्यावर अशी मुलं सुधारतात हे ओळखलं आणि 1950 साली त्यावर प्रबंध लिहिला. तुमच्या लग्नाआधीची गोष्ट आहे ही. सिलिअ‍ॅक म्हणजे फॅड नव्हे आणि नखरे तर नव्हेतच. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवतं. साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, त्यातल्या कित्येकांना तो आहे हेही माहीत नसतं. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी त्या अस्तराला इजा होते, हे अभ्यासात दिसलंय. 50 मिलिग्रॅम म्हणजे किती? पावाच्या एका स्लाइसचे चाळीस तुकडे करा आणि त्यातला एक उचला. हे झालं तुमचं ‘एवढंसं’.

हा सुपरवायझरचा मैदा किंवा मावशींचा उपदेश, काही म्हणा, दोन तासांनी परतीच्या वाटेवर गाडीत बाहेर आला. नव्या कपड्यांवर, सीटवर, माझ्या हातांवर. ती रडत नव्हती, ‘सॉरी आई, मी विचारलं होतं’ म्हणत होती. पुढचे चार दिवस पोटदुखी, शाळा बुडाली.

तर उरलेल्या टिपा… नाही, टिपा पुरे झाल्या.

अहो, कुणी तिच्यासाठी पंचपक्वान्नं मागितली नव्हती! वाटीभर पांढरा भात, दोन उकडलेले बटाटे, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने काढलेले, वर झाकण, झाकणावर तिचं नाव. आचाऱ्याला दहा मिनिटं लागली नसती. तेही नसेल जमत, तर ‘नाही जमणार’ म्हणायला काय जीभ झडते? मला अजिबात वाईट वाटलं नसतं. मी तिचा डबा नेला असता. नेलाच होता! गाडीत ठेवून आले, कारण दारावर ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी पाटी होती. काळ्यावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत, वर झगझगीत दिवा. ती पाटी बरी वाचता आली सगळ्यांना!

खोटं ‘हो’ कशाला सांगता? सजावटीच्या फुलांसाठी चार बैठका घेता, रुमालाचा रंग भोपळ्याला जुळतो का म्हणून भांडता, आणि पाहुण्याच्या ताटात काय पडतंय ते विचारलं तर ‘सांगितलंय’. कुणाला सांगितलं? स्वयंपाकघरात जाऊन एकदा तरी उभे राहिलात? वाढणाऱ्या पोराला त्या वाटीत काय आहे हे कुणी सांगितलं होतं का? त्याला माहीत नव्हतं, तर ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा तरी त्याला कुणी दिली होती का? चूक त्या पोराचीही नाही. आणि हो, माझीही आहे. टॉर्च घेऊन पाट्या वाचत फिरण्यापेक्षा मी सरळ डबा काढून तिच्यापुढे ठेवायला हवा होता आणि त्या दारावरच्या पाटीला काय वाटायचं ते वाटू द्यायचं होतं. लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी तो गाडीत राहिला.

मंगळवारी लेक पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती, तेव्हा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवणाचं कौतुक चालू होतं. सगळ्यांत जास्त सुपाचं. कुणीतरी कृती मागितली. वहिनींनी तत्परतेने केटररकडून मागवून टाकली. स्वच्छ, सुबक, ओळीने घटक: लाल भोपळा, कांदा, लोणी, साय, आणि पाचव्या ओळीत, मैदा, दोन मोठे चमचे.