तारवाले काका आणि माझे चाळीस बाइट

परवा रात्री तारवाल्या काकांनी माझं इंटरनेट दुरुस्त केलं. निदान आज सकाळी वाड्यातल्या नळावर तरी तशीच बातमी होती.

पावसात आमची फोनलाइन इतकी खरखरते की 56 के चा मॉडेम सेकंदाला 2400 बिटांवर येऊन बसतो. टेलनेटवर, म्हणजे दूरच्या संगणकावर इथून टाइप करताना, अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत जांभई द्यावी. तेही हेडर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-तपशील आखडून पाठवणं, चालू असताना! काका निवृत्त तारमास्तर. आमचा फोन हा त्यांचा पीपी नंबर. लेकीचा फोन लागेना म्हणून ते खुर्ची ओढून माझ्या मानगुटीशीच बसले.

“एका अक्षराला खर्च किती रे?”

“चाळीस बाइटांचं हेडर, काका. पण मागच्याशी जुळलं की नुसता फरक जातो. तीन-चार बाइटांत भागतं.”

“म्हणजे आमच्या शुभेच्छांच्या तारा! आपण आकडा पाठवायचा, मजकूर पलीकडचा लिहून काढणार. मग अडलंय कुठे?”

अडलं होतं टाइमस्टॅम्पवर. टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर पाकिटं नीट पोचवणाऱ्या नियमांचा, हा ऑप्शन प्रत्येक पाकिटावर वेळेचा शिक्का मारतो, 12 बाइटांचा. शिक्का दर वेळी नवा. आणि ऑप्शनमध्ये तसूभर बदल दिसला की कॉम्प्रेशन हात टेकतं, अख्खं हेडर पाठवतं. अक्षर एक, पाकीट 53 बाइटांचं. 2400 वर जवळजवळ पाव सेकंद, नुसता जायला. (विंडो स्केल हा टीसीपीचा दुसरा ऑप्शन त्या मानाने सज्जन. जोडणी होताना तोंड दाखवतो आणि जातो.)

“शिक्का हवाय कशाला?”

“लांबच्या, प्रचंड वेगाच्या जाळ्यांसाठी.”

काकांनी खिडकीतून खांबावरची लोंबती वायर पाहिली. बोलले काही नाहीत. तेच लागलं. त्या वायरीची तक्रार मी तीनदा नोंदवलीय.

“कॉम्प्रेशन कुणाचं?”

“व्हॅन जेकबसन. 1990.”

“आणि शिक्का?”

मी घसा खाकरला. “1992. तिघांनी मिळून लिहिलंय. पहिलं नाव... जेकबसन.”

काकांना हसता हसता कवळी सावरावी लागली. “आमच्याकडेही होते असे साहेब! सकाळी सर्क्युलर, कागद वाचवा. दुपारी सर्क्युलर, सगळं तीन प्रतींत!”

मी लिनक्समध्ये टाइमस्टॅम्पपुढे शून्य लिहिलं, पुन्हा जोडलं. अक्षरं बरीच शहाण्यासारखी उमटू लागली.

“सांगत होतो ना, शिक्का काढ म्हणून!”

सांगत नव्हते. विचारत होते. पण तोवर त्यांनी मला लाइन सोडायला लावून लेकीला फोन लावला होता आणि हीच हकिकत चाळीस मिनिटं सांगितली. एसटीडीवर. शब्दाशब्दाला पैसे मोजत आयुष्य काढलेला माणूस! बिल माझ्या नावावर येतं.