मातीचे रंग खरोखरच मर्यादित आहेत का?

मातीपासून चित्रकलेचे रंग बनवण्याविषयीच्या लेखात या रंगांच्या टिकाऊपणाचे वर्णन उत्तम झाले आहे. मात्र हे रंग ‘मंद आणि मर्यादित’ असल्याचे जे विधान शेवटी येते, ते मला पटत नाही. पिवळ्या मातीला रंग देणारे गोएथाइट हे खनिज म्हणजे पाणी धरून ठेवलेले लोहाचे ऑक्साइड असून, ती माती सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की त्यातील पाणी निघून जाते आणि हेमॅटाइट, म्हणजे गेरूला लाली देणारे खनिज, तयार होते. उष्णता किती आणि किती वेळ दिली यावर नारिंगीपासून जांभळट तांबड्यापर्यंतच्या छटा मिळत असल्यामुळे, एकाच खाणीतल्या मातीतून चित्रकाराच्या हाती अख्खी रंगमालिका येते. याला मर्यादित कसे म्हणावे?

अंबर या तपकिरी मातीचा उल्लेख ओझरताच आला आहे. तिच्यातील मँगनीजच्या ऑक्साइडमुळे जवसाचे तेल लवकर सुकते, म्हणून तैलचित्राच्या खालच्या थरासाठी ती विशेष सोयीची ठरते.

लेखातल्या रंग बनवण्याच्या कृतीत एक भर सुचवावीशी वाटते. माती दळल्यावर लगेच माध्यमात, म्हणजे रंग बांधून ठेवणाऱ्या तेलात किंवा डिंकात, न मिसळता ती पाण्यात ढवळावी, जड वाळू तळाशी बसू द्यावी आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे. त्यातून मिळणारा बारीक गाळ वाळवूनच वापरावा. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच, कारण तिच्यात सिलिकाची, आणि अंबरमध्ये मँगनीजचीही, धूळ असते.