‘मायेच्या घरात हा आजार शिरत नाही’ म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या आठवड्यात एक संदेश आला. एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. मला तो चार वेगवेगळ्या गटांतून आलाय. वर सूर्योदयाचं चित्र आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा: ज्या घरात खरी माया असते तिथे मानसिक आजार शिरत नाही. पूर्वी घरं माणसांनी भरलेली होती, तेव्हा हे आजार कुणाला ठाऊकही नव्हते. गोळ्या माणसाला बधिर करतात, बरं करतं ते प्रेम. आणि घरची गोष्ट घरातच ठेवा, बाहेर कळली की माणसाचं आयुष्य संपलं.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि वास्तव यांची गल्लत करणारा गंभीर मानसिक आजार. एकोणीस वर्षं झाली. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण संदेशातली चारही विधानं तपासता येण्यासारखी आहेत, आणि त्यातली बरीचशी तपासून झालेलीही आहेत.

पहिलं विधान मायेचं. हे दिसायला नवं, पण आहे जुनंच. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ या अर्थाची संज्ञा वापरली आणि पुढे कित्येक वर्षं आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात आलं. आई अलिप्त असली तर ती थंड म्हणून दोषी, मुलाला फार जवळ घेणारी असली तर त्याला गुदमरवलं म्हणून दोषी. सुटायला वाटच नाही.

1966 मध्ये लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ऑरेगनमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 47 मुलं होती, त्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया होता, आणि जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच ही मुलं आईपासून वेगळी झाली होती. वाढली ती दुसऱ्यांच्या हातांत. त्यातल्या 5 जणांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला. तुलनेसाठी घेतलेली 50 मुलंही आईविनाच वाढली होती, पण त्यांच्या आयांना हा आजार नव्हता. त्यांच्यात एकालाही तो झाला नाही. म्हणजे जिचं वागणं मुलाने कधी पाहिलंच नाही, तिच्या वागण्यावर खापर कसं फोडणार?

मग सगळं रक्तातच असतं का? तसंही नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांत एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांमध्ये दुसरं सुटतं. घर तेच, आई तीच, जनुकंही तीच. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी दत्तक मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. ज्यांच्यात जन्मजात जोखीम होती ती मुलं सतत खटके उडणाऱ्या घरात वाढली तर त्यांच्यात आजाराचं प्रमाण वाढलं; जोखीम नसलेल्या मुलांना तशा घराने या बाबतीत फारसा फरक पडला नाही. बालपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार यांनी नैराश्यापासून सायकोसिसपर्यंत (म्हणजे वास्तवाचं भान सुटण्यापर्यंत) अनेक आजारांचा धोका वाढतो, हेही खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असेल असं नाही. आजार दिसला की घराची झडती घ्यायची, ही जी घाई आहे तिच्याबद्दल माझं म्हणणं आहे.

कारण ती झडती आधीच चालू असते. आई अजून रात्री दीड वाजता मला उठवून विचारते, “तो सातवीत असताना मी त्याची चित्रांची वही फाडली होती गं. त्याने तर नसेल?” अशा तिच्या मनात पंचवीस-तीस नोंदी आहेत, तारखांसकट. सूर्योदयाच्या चित्राखालचा तो मजकूर वाचून तिला काय उत्तर मिळालं असेल, ते सांगायला नको.

दुसरं विधान, पूर्वी हे नव्हतं. त्यावर फार वेळ घालवत नाही. चरकसंहितेत उन्मादाचं वर्णन आहे, त्याचे पाच प्रकार सांगितलेत, उपचारही सांगितलेत. नसलेल्या आजाराचे उपचार कुणी लिहीत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1960च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत अभ्यास सुरू केला; आग्रा, नायजेरियातलं इबादान, कोलंबियातलं काली, लंडन, मॉस्को अशी त्यातली केंद्रं. स्किझोफ्रेनिया सगळीकडे सापडला आणि लक्षणंही ओळखू येतील इतकी सारखी निघाली. भरलेल्या घरांत आजार होताच. फक्त त्या घरातल्या एका खोलीला बाहेरून कडी असायची आणि घरात माणसं किती, असं विचारलं की त्या खोलीतलं माणूस मोजलं जायचं नाही.

इथे एक गोष्ट मात्र संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. त्या अभ्यासात दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा आग्रा, इबादान, काली इथल्या रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी दिसली. त्याचा अर्थ काय लावायचा यावर नंतर बरेच वाद झाले, आणि ते रास्तही आहेत. पण आजार सगळीकडे सारखा असून आजाऱ्याचं आयुष्य सारखं नसतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. घराचं आणि समाजाचं काम तिथे सुरू होतं. संदेशाने ते भलत्याच जागी नेऊन ठेवलंय.

आता तिसरं: गोळ्या नकोत, प्रेम पुरे.

1950च्या दशकात जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ लंडनच्या मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं, ते पाहत होते. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटत होता. भावंडांकडे किंवा परक्याच्या घरात खोली घेऊन राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे राहत होते. म्हणजे जिथे जीव जास्त तिथेच पाय घसरत होता. मग त्यांनी नातेवाइकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजायला सुरुवात केली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: टीका, राग, आणि अति गुंतणं, म्हणजे त्याच्या प्रत्येक गोष्टीत शिरणं. क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांच्या 1976च्या अभ्यासात असं दिसलं की हे प्रमाण जास्त असलेल्या घरात आठवड्याला 35 तासांहून अधिक वेळ समोरासमोर जात असेल, तर आजार उलटण्याचा धोका आणखी चढतो. पुढे चंदीगडमध्ये हीच मोजणी झाली. लंडनच्या साधारण निम्म्या घरांत हे प्रमाण जास्त होतं, चंदीगडच्या साधारण एक चतुर्थांश घरांत.

त्यातली तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. अति गुंतणं. आपण ज्याला माया म्हणतो त्यातला बराचसा भाग यात मोडतो.

आमच्या शुभंकरांच्या गटात (आजारी माणूस तो शुभार्थी, त्याला सांभाळणारे ते शुभंकर) समुपदेशक बाईंनी एकदा घरी करायला एक काम दिलं. भिंतीला कागद लावा, आणि दादाशी बोलताना वाक्यात टोचणी किंवा तपासणी आली की एक रेघ मारा. “उठलास का?” एक रेघ. “गोळी घेतलीस ना, तोंड उघड बघू.” एक. “दार का लावून घेतलंस?” “परत तेच कपडे?” “नुसता पडून काय राहतोस!” दुपारी बारापर्यंत 23 रेघा झाल्या, त्यातल्या नऊ माझ्या. नुसतं पडून राहणं हा आळस नसून या आजाराचंच एक लक्षण आहे, हे मला पाठ होतं. तरी नऊ. बाबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “मग बोलायचं तरी काय याच्याशी?”

प्रश्न मनापासूनचा होता. बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं आमच्याकडे. आजाराने त्याचं जग छोटं केलं होतं, आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारून आमचंही.

हे संशोधन वाचून कुणी घरच्यांवर नवीन आरोपपत्र तयार करू नये. टोचणी एका बाजूने सुरू होत नाही. रात्ररात्र जागणारं, खर्चाने आणि भीतीने पिचलेलं घर टोचून बोलणारच. पण हे बदलतं, शिकवता येतं. कुटुंबाला आजाराची माहिती दिली, बोलायच्या पद्धती शिकवल्या की आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. आमच्या कागदावर महिन्याभराने 23च्या सात झाल्या. शून्य कधीच झालं नाही.

आणि गोळ्या? 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के लोकांचा आजार उलटला. औषध काढून नुसती नकली गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. प्रेम करणारी माणसं दोन्हीकडे असणारच. बधिर होण्याची तक्रार मात्र खोटी नाही. दादाचे हात थरथरायचे, वजन वाढलं, सकाळी डोळे उघडत नसत. हे डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घ्यायचं असतं. गोळ्या गटारात टाकण्याचा प्रयोग आम्ही एकदा करून पाहिलाय, दुसऱ्यांदा करणार नाही. आणि ते 27 टक्के आहेतच. तिथे गोळीचं काम संपतं आणि भिंतीवरच्या कागदाचं सुरू होतं.

राहिलं चौथं, बाहेर कळू देऊ नका. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण आम्ही हे पाळलं. पहिली दोन वर्षं. उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं सावरणं अवघड जातं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं, आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

बाहेर कळल्यावर त्रास होतोच, तो नाकारत नाही. एकदा दादाच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. दवाखान्यात जुनी फाईल उघडली गेली आणि पोट तपासायच्या आधीच “टेन्शन असेल” असं निदान झालं. अपेंडिक्स होतं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि बहुतेक मृत्यू शारीरिक आजारांनी होतात. त्यामागे अशा न तपासलेल्या पोटांचा वाटा आहे. नोकरीचंही तेच. ‘आधी पूर्ण बरा हो, मग काम’ हा जगभरचा सल्ला. उलट, आधी खऱ्या कामावर ठेवायचं आणि सोबत आधार द्यायचा, ही पद्धत अमेरिकेत 1990च्या दशकात चाचण्या घेऊन पाहिली गेली. काम मिळणाऱ्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणजे आयुष्य संपवतं ते ‘कळणं’ नाही. कळल्यावर समोरचा काय करतो, त्यावर ते ठरतं.

बेल्जियममधल्या गेल या गावात शतकानुशतकं परकी कुटुंबं मानसिक रुग्णांना घरी ठेवून घेत आलीत. 1930च्या दशकाच्या अखेरीस अशी 3,700हून अधिक माणसं तिथल्या घरांत राहत होती. मागे रुग्णालय आणि डॉक्टर आहेत, नुसत्या भलेपणावर ते चालत नाही. पण त्या गावात कुणाला लपवावं लागत नाही. आणि सांभाळणाऱ्यांना त्या माणसाला ‘पूर्वीसारखा’ करायचं नसतं, कारण पूर्वीचा तो त्यांनी पाहिलेलाच नसतो. ब्राउन यांना परक्याच्या खोलीत राहणारे बरे का दिसले, ते मला गेलबद्दल वाचल्यावर कळलं.

आमच्याकडे ते काम शेजारच्या काकांनी केलं. आम्ही सांगितल्यावर दोन घरांनी येणं-जाणं थांबवलं हे खरं. काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजवलं, “चल रे, फिरून येऊ.” आजाराबद्दल अवाक्षर नाही. रोज दीड तास. आठवड्याचे साडेदहा तास तो आमच्यापासून सुटला आणि आम्ही त्याच्यापासून. ते 35 तासांचं गणित काकांनी कधी ऐकलेलं नसणार.

तो संदेश मावशीने पाठवला होता, चांगल्या मनाने. मी खाली मोठं उत्तर लिहायला घेतलं तेव्हा दिसलं की संदेशावर पहिला अंगठा दादाचाच आहे. मी त्याच्या खोलीत जाऊन विचारलं, “तू वाचलंस का हे? पटलं तुला?”

“नाही,” तो म्हणाला. “पण कुणीच काही बोललं नाही तर वाईट वाटतं तिला.”